पूर्वेची रेघ

लूम थांबले आणि गायत्रीचा पाय चुकला. वरच्या खोलीतून चहाचा कप घेऊन ती लोखंडी जिन्याने खाली येत होती. ज्या जिन्यावरून ती लहानपणापासून डोळे मिटून चढत-उतरत आली होती, त्याच जिन्यावर तिचं पाऊल पायरी सोडून हवेत पडलं. कठडा हातात आला म्हणून ती सावरली, कप मात्र खाली जाऊन मोरीच्या कडेला फुटला. जमीन हलली, असं तिला क्षणभर अगदी खात्रीने वाटलं. इतकी वर्षं भूकंप हा जो शब्द ती पुस्तकांतून आणि पडद्यावरच्या नागमोडी रेषांतून वाचत आली होती, तो आता तळपायातून सरळ पोटात चढला होता. मग तिच्या लक्षात आलं की कुठेच काही हलत नाहीये. टाकीवरचं पत्र्याचं झाकण गप्प होतं. फळीवरचे स्टीलचे डबे दिवसभर एकमेकांना लागून कुजबुजत असतात, तेही गप्प होते. हललं काहीच नव्हतं. हलायचं थांबलं होतं.

"काय फुटनं व?" आतून आईचा आवाज आला.

"कप."

"तुले लागनं का?"

"नाही."

"मंग फुटू दे. आख्खा गोडादरानी लाईट गई वाटस."

आई, भागीरथी, दाराशी उजेडात साडी पसरून तिच्या काठावर टिकल्या चिकटवत बसली होती. गायत्री काचा वेचू लागली. भिंतीपलीकडच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, तिचे वडील भटू दिवसपाळीला होते. ते खातं, त्याला लागून असलेलं दुसरं, समोरच्या ओळीतली तीन, अशी लूमची सगळी खाती एकाच झटक्यात बंद पडली होती. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आईच्या बोटाखाली टिकली दाबली जाताना होणारा बारीक चिकट आवाजसुद्धा ऐकू येत होता आणि तो आवाज असतो हे तिला आजवर माहीतच नव्हतं. तिला बारडोली आठवली. साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या उखामामांकडे आई तिला पहिल्यांदा घेऊन गेली तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. दुपारी जेवणं झाल्यावर मामीने तिला पलंगावर झोपवलं. खिडकीबाहेर ऊस होता, वारा पडलेला होता आणि पलंग अजिबात हलत नव्हता. ती रडायला लागली. काय झालं ते कोणालाच कळेना. पोट दुखतंय का, मुंगी चावली का, असं मामी विचारत राहिली आणि ती हुंदके देत एवढंच म्हणत राहिली, "पलंग बंद पडलाय." हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं लग्नकार्यात सांगितला गेला. उखामामा अजूनही फोनवर पहिला प्रश्न विचारतात, "काय व, पलंग चालू शे ना?" गायत्रीही दर वेळी हसते. त्या गोष्टीत हसण्यापलीकडे काही असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. काचेचा तुकडा हातात धरून ती तशीच उकिडवी बसून राहिली आणि तिची नजर जिन्याखालच्या कोपऱ्याकडे गेली.

तिथे एक फरशी काढून, खालच्या मातीवर सपाट बसवलेलं ते यंत्र होतं. दोन वितींचा काळा डबा. तो जमिनीची अगदी बारीक थरथर तिन्ही दिशांनी टिपतो, माणसाला कधीच जाणवणार नाही इतकी बारीक. गायत्री ज्या संस्थेत संशोधन करते तिथून तिने तो महिनाभरासाठी सहीवर आणला होता. आणला त्या दिवशी भागीरथीने त्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि नारळ हातात घेतला. तेव्हा गायत्री ओरडली होती, "फोडू नको, तोपण नोंदला जाईल!" मग नारळ बाहेर गल्लीत फुटला आणि तरीही नोंदला गेला. वशी सरांनी ती नोंद पाहून विचारलं होतं, "आ शुं छे?" तिने खरं ते सांगितल्यावर चष्मा कपाळावर ढकलून ते बराच वेळ हसत राहिले.

वशी सर तिचे मार्गदर्शक. काम त्यांचं आणि तिचं मिळून होतं, पण ते तडीस नेणं तिच्याकडे होतं. सुरतच्या खालच्या जमिनीचा एक अजस्र ठोकळा संगणकात उभा करायचा. त्याचे कोट्यवधी बारीक चौकोनी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला सांगायचं, तू माती आहेस, तू वाळू, तू खडक. मग नर्मदेच्या अंगाला, खोल कुठेतरी, एक कल्पित भूकंप सोडायचा आणि त्याच्या लाटा या ठोकळ्यातून कशा येतात, शहरातली कुठली जमीन किती हलते, ते पाहायचं. एक भूकंप पुरत नाही, कारण खरा कुठून आणि कसा येईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून शेकडो सोडायचे. साध्या संगणकावर त्यातला एकसुद्धा होणार नाही. त्यासाठी देशातल्या मोठ्या महासंगणकावर वेळ मागावा लागतो. तो मागणारे पुष्कळ, मिळणारे थोडे. अर्ज सोमवारी जायचा होता आणि आज शुक्रवार होता.

अर्जात सगळ्यात अवघड गोष्ट होती ती एक साधी रेघ. ठोकळा नकाशावर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याच्या चार रेघा असतात. उत्तरेची, दक्षिणेची आणि पश्चिमेची ठरायला एक दुपार पुरली. पूर्वेची रेघ वशी सरांनी पहिल्या दिवशी रेल्वेच्या रुळांवरून खाली ओढली होती. रुळांच्या पलीकडे लिंबायत, गोडादरा, म्हणजे गायत्रीची वस्ती. गायत्रीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्यां बोर क्यां छे, बेन?" बोअर म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून थराथराची माती काढून पाहणं. ज्या जागेवर उंच इमारत उठणार असते तिथे बोअर मारतात. गायत्रीच्या गल्लीत घरं अशी उठत नाहीत. खाली एक खोली असते. मुलाचं लग्न ठरलं की वर दुसरी, भाडेकरू मिळाला की तिसरी. खाली काय आहे ते कोणी कधी विचारलं नव्हतं. "डेटा विना दोरीए तो ए नकशो नथी, रंगोळी छे," सर म्हणाले होते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते बरोबर होतं हेच तिला झोंबलं. म्हणून तिने यंत्र मागून घेतलं. जमिनीची रोजची बारीक थरथर मोजली तर खाली मऊ मातीचा थर आहे का, साधारण किती जाड आहे, याचा अंदाज बोअरशिवायही बांधता येतो. मऊ जमिनीला स्वतःचा एक ताल असतो, सेकंदाला ठरावीक हेलकाव्यांचा, आणि आलेखात तो शिखरासारखा वर येतो. तिच्या आलेखात तो आला होता. सेकंदाला जवळजवळ तीन. त्याचा अर्थ अठरा-वीस मीटर मऊ माती, आणि त्याहून वाईट असं की तीन मजली घरंसुद्धा साधारण त्याच तालात डोलतात. जमीन आणि घर एकाच तालात डोलली तर काय होतं ते तिने इतक्यांदा गणिताने सोडवलं होतं की समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरी पाहिल्या तरी तिला ते घर डोलताना दिसायचं. पण त्याच शिखराने रेघ हलवली होती. सरांनी आलेख पाहिला आणि मग स्वतःच्या हाताने पूर्वेची रेघ उचलून गोडादऱ्याच्याही पुढे नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी लॅपटॉपवरचा चौकोन पाहून भागीरथीने विचारलं होतं, "आमनं घर येस का त्यामां?" आणि गायत्री म्हणाली होती, "येस." इतक्या वर्षांच्या शिक्षणातलं आईला समजेल असं तिचं ते पहिलं उत्तर असावं.

आता हातात काचेचा तुकडा होता आणि डोक्यात एकच आकडा. लूमचा धोटा मिनिटाला साधारण एकशे सत्तर वेळा इकडून तिकडे जातो. तिला हे कोणी सांगावं लागलं नव्हतं; वडिलांच्या पाळीचा डबा घेऊन ती खात्यात जायची तेव्हापासून हा आकडा तिच्या अंगात होता. एकशे सत्तरला साठाने भागलं की काय येतं ते शाळेतल्या पोरीलाही कळेल. सेकंदाला जवळजवळ तीन.

ती उठली नाही. उठलं तर ते खरं होईल, असं काहीतरी. तिने रिक्षांचा आवाज नोंदीतून काढला होता. पावलं काढली होती. आईने खलबत्त्यात दाणे कुटले तेसुद्धा शोधून काढले होते. नारळ तर काढलाच होता. लूम काढायचे तिला सुचले नाहीत. दुसरा कोणी इथे यंत्र घेऊन आला असता, अडाजणचा, वराछाचा, शहराच्या कुठल्याही भागातला, तर दारात पाऊल टाकताच त्याने कानावर हात ठेवून आधी विचारलं असतं, या लूमचं काय करायचं? तिने विचारलं नाही, कारण तिला ते ऐकूच येत नव्हते. पोटात असल्यापासून ते दिवसरात्र तिच्याखाली चालू होते. शेकडो लूम, प्रत्येकाचा वेग जरासा पुढेमागे, म्हणून शिखर सुईसारखं टोचलं नाही, टेकडीसारखं ऐसपैस वर आलं आणि अगदी जमिनीचं वाटलं. दोन हजार एकच्या भूकंपाची गोष्ट घरात सांगितली जाते तीही हीच. त्या सकाळी भटू खात्यातच होते. बाहेर लोक रस्त्यावर धावत आले तरी आत लूम चालूच. "आमले काहीच समजनं नही," ते सांगतात. "ताना तुटना, एक धोटा उडीसन भिंतले लागना. आमले वाटनं, लूमच खराब शे." आणि आई घरी तिला पोटात घेऊन बसलेली. "माले वाटनं तूच लात मारी राहिनी." हलणं या घरात कोणाला कधी कळलंच नाही. आणि त्या घरातली पोरगी भूकंप शिकायला गेली होती.

लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने नोंद उघडली. रेषा चालू होती; यंत्राला बॅटरी होती. लूम थांबले त्या क्षणी रेषा एका कड्यावरून खाली पडल्यासारखी पडली होती आणि मग एका बारीक, शांत, मोठाल्या श्वासासारख्या चढउतारावर येऊन चालत होती. तिने त्या शांत तुकड्यावर गणित लावलं. शिखर नव्हतं. जिथे ते होतं तिथे आलेख निर्लज्जासारखा सपाट होता. म्हणजे रेघेला आधार नव्हता. सोमवारी अर्ज असाच गेला तर तो खोटा, आणि सरांना सांगितलं तर रेघ रुळांवर परत. तिच्या मनात जो पहिला विचार आला त्याची तिला लाज वाटली. तो असा होता की आज लाईट गेली नसती तर! दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. आलेखाच्या डाव्या टोकाला, जिथे अगदी सावकाश हेलकावे असतात, तिथे काहीतरी उठू पाहत होतं. अजून त्याला आकार नव्हता. सावकाश हेलकावा पकडायचा तर शांत नोंद लांब लागते. तिच्याकडे काही मिनिटांचीच होती, आणि तीही आता खराब होत चालली होती, कारण लूम बंद पडल्यामुळे गल्लीतले सगळे कारागीर बाहेर आले होते. बाहेर हसणं, तंबाखू मळणं, चपला ओढत चालणं. बिनकामाची एकेक माणसं यंत्रापासून दहा हातांवर पाय आपटत होती.

ती दारात आली. भटू आणि त्यांच्याच खात्यातले हिलालकाका घामेजल्या बनियनमध्ये ओट्यावर टेकत होते. हिलालकाका गल्लीतला सगळ्यात बोलका माणूस. लूमच्या आवाजावर आवाज चढवायची सवय शांततेतही सुटलेली नव्हती.

"काय गायत्रीबेन, तुना यंत्रनी आमनी लाईट खाई टाकी का?"

"काका, हळू बोला."

"आं?"

"हळू बोला, आणि बसून घ्या. सगळ्यांनी. चालू नका." आपण काय मागतोय ते तिला बोलता बोलता कळत गेलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "थोडा वेळ. लाईट येईपर्यंत. मला ही शांत जमीन पाहिजे."

हिलालकाकांनी भटूंकडे पाहिलं. "भटू, तुनी पोर आते आमले श्वास लेवाले बी बंदी करी."

भटू मुलीकडे बघत राहिले. तिच्या कामातलं त्यांना फार कळत नव्हतं आणि कळतं असं त्यांनी कधी दाखवलंही नव्हतं. पण तिचा चेहरा कळत होता. दहावीच्या निकालाच्या दिवशी, संगणकाच्या दुकानात निकाल उघडत नव्हता तेव्हा हाच चेहरा होता. ते उठले, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, आणि त्यांचीच पावलं नोंदली जातायत हे सांगायचा तिला धीर झाला नाही. "बठा रे सगळा," ते लोकांना म्हणत होते. "पोरनं काम शे. लाईट ये तवर बठा." कोणीतरी विचारलं, कसलं काम? भटू म्हणाले, "जमिननी नाडी दखी राहिनी ती."

आणि गल्ली बसली. गायत्रीने असं काही पाहिलं नव्हतं. ओट्यांवर, सायकलींच्या कॅरिअरवर, उलट्या ठेवलेल्या बादल्यांवर माणसं बसली, आणि सुरुवातीला एकमेकांना डोळ्यांनी खुणा करत, दाबून हसत, मग हसू विरत जाऊन नुसतीच बसून राहिली. भागीरथीने टिकल्या चिकटवणं थांबवलं. गायत्री म्हणाली, "ते चालेल, आई," तरी ती हात मांडीवर ठेवून बसली. देवळात बसावं तशी नाही, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट पाहत बसावं तशी. गायत्रीला दिसलं की हिलालकाकांचा उजवा गुडघा बारीक हलतोय, एका तालात, आणि हलतोय हे त्यांना माहीत नाही. भटूंचाही. सगळ्या ओट्यांवरचे गुडघे त्याच तालात. लूम बंद होते आणि ते माणसांमध्ये चालू होते. तिला तिथे जाऊन प्रत्येकाच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला. ती जागची हलली नाही, कारण नोंद चालू होती. तिला आणखी एक कळत होतं आणि ते टोचत होतं. ही सगळी माणसं मीटरच्या हिशेबाने विणतात, जेवढं कापड तेवढीच मजुरी. लूम बंद म्हणजे त्यांचा दिवस वाया. लाईट यावी म्हणून सगळी गल्ली मनातून वाट बघत होती आणि तिच्यासाठी गप्प बसली होती. ती एकटी, त्यांच्यात बसून, लाईट येऊ नये म्हणून बसली होती. पडद्यावर रेषा मोठाले, सावकाश श्वास घेत होती. किती जुनी असेल ही हालचाल, तिला वाटलं. समुद्राच्या लाटा दूर किनाऱ्यावर आपटतात, त्यांचा दाब जमिनीतून मैलोन्‌मैल येतो, तापीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या या गाळात शिरतो आणि इथे, मोरीच्या शेजारी, आपल्या संथ तालात डोलायला लागतो. खाती आली, घरं आली, ती स्वतः जन्मली, आणि हे खाली आपलं चालूच होतं. इतकी वर्षं ती त्याच्यावर झोपली होती.

लाईट आली ती आधी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत. मग खात्यातला एक लूम अडखळत सुरू झाला, मग दुसरा, मग मोजता येईनात इतके. माणसं उठली. हिलालकाका जाता जाता म्हणाले, "काय सांगस मंग जमीन?" आणि उत्तराला थांबले नाहीत. भटू मात्र दाराशी रेंगाळले. "भेटनं का काही?"

"भेटलं वाटतं," ती म्हणाली. "पण जे होतं ते गेलं."

ते त्यांना समजणं शक्य नव्हतं. त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी नाही, सोबत असल्यासारखी, आणि ते खात्यात गेले.

तिने गणित दोनदा लावलं, मग घाबरून तिसऱ्यांदा. डाव्या टोकाचं ते शिखर खरं होतं. बुटकं, रुंद, सेकंदाला एकापेक्षा थोडं कमी. इतका संथ ताल म्हणजे मऊ थर वीस मीटर नाही; सत्तर, कदाचित त्याहून जाड. आणि मग एक गोष्ट हळूहळू तिच्या अंगात पसरली, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पोटात उतरताना कळत जावं तशी. जमिनीचा हा ताल तीन मजली घरांचा नव्हता. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. ते घर आणि त्याखालची जमीन एकमेकांच्या तालात नव्हती. एका नोंदीवरून छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं, घरांचं बांधकाम कसं आहे हा प्रश्न वेगळाच होता, तरी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते घर तिला स्थिर दिसलं आणि तिला एकदम रडू आलं. रडता रडता तिला दिसलं की रेघेचा शेवटचा आधारही यातच गेला. आता तर सर म्हणतील, मग पूर्वेची काळजी कशाला? संथ ताल उंच इमारतींना जड जातो. उंच इमारती सगळ्या पश्चिमेला, अडाजणकडे. तिने नकाशा उघडला. रुळांवरून रेघ काढली तर कशी दिसते ते पाहण्यासाठी तिने ती तिथे नेली. रुळांअलीकडच्या बोअरमध्येही तोच गाळ होता, म्हणजे सत्तर मीटर जाडीच्या मऊ थराच्या ऐन मधून रेघ गेली. तिने ती पाहिली, आणि पाहतच राहिली.

फोन लावला तेव्हा सर घरी होते. मागे कुकरची शिट्टी झाली. तिने कुठलीही प्रस्तावना न करता सांगितलं की शिखर चुकीचं आहे. लूमचं आहे.

"लूम," सर म्हणाले. "तारा घरनी बाजूमां लूम चाले छे ने तने याद ना आव्युं?"

"ना, सर."

"मने पण याद ना आव्युं," ते म्हणाले. ते चिडले होते, पण नुसते तिच्यावर नाही. मग गुजरातीतून हिंदीत आणि हिंदीतून परत गुजरातीत येत त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच की दोन दिवस उरलेत, पूर्वेची बाजू काढून टाक, रेघ रुळांवर घे, अर्ज स्वच्छ होईल. पुढच्या वर्षी बघू.

"रेघ रुळांवर घेतली तर पश्चिमेचं उत्तरपण चुकेल, सर."

"केम?"

"मऊ थर रुळांपाशी संपत नाही. खाली सलग आहे. ठोकळ्याची भिंत त्याच्या मधून गेली तर लाटा त्या भिंतीवर अशा वागतील जशा खऱ्या जमिनीत कधीच वागणार नाहीत. अर्धी कापलेली वाटी घेऊन पाणी कसं हिंदकळतं ते सांगता येईल का? अडाजणच्या टॉवरचं उत्तर पाहिजे असेल तर गोडादऱ्याची जमीन घ्यावीच लागेल." ती हे मराठीत बोलली की हिंदीत, ते तिला नंतर आठवेना. "आणि तिथलं आपल्याला माहीत नाही, हे अर्जात लिहू. दिवाळीला सगळी खाती बंद असतात. सगळे कारागीर गावी जातात. तेव्हा आपण रुळांपासून गोडादऱ्यापलीकडच्या खाडीपर्यंत यंत्रं बसवू. भूकंप कमी करू, शेकडोऐवजी थोडे. पण वाटी पूर्ण घेऊ."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. कोणालातरी, बहुतेक बायकोला, सर म्हणाले, "बंद कर ने गॅस." मग तिला म्हणाले, "ठोकळो मोटो थशे. गहेरो पण थशे. तपासनारा पूछशे, आटलो मोटो केम?"

"हो."

"तो पहेला पाना पर लख," सर म्हणाले. "लूमनी भूल पहेला पाना पर. छुपाववानी नहीं. जे पोतानी भूल आटली चोख्खी बतावे, एने टाइम आपवानुं मन थाय. अने ना आपे तो आवता वर्षे फरी." आपली चूक इतकी स्वच्छ दाखवणाऱ्याला वेळ द्यावासा वाटेल, हे तिने मनात नोंदवलं. मग ते म्हणाले, "दिवाळीमां तुं गाम नहीं जाय?"

"नाही जाणार."

"सारुं. एक मशीन हुं पण ऊंचकीश."

फोन ठेवला तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. खात्यांचा आवाज पूर्ण भरात होता आणि आज पहिल्यांदा तिला तो ऐकू येत होता. नुसता आवाज नाही. कुठला लूम जुना, कुठल्याचा ठोका किंचित मागे पडतो, भिंतीपलीकडे वडील ज्याच्यापाशी उभे आहेत तो कुठला असेल, असं वेगवेगळं. कानांना त्रास होईल इतकं. तिला वाटलं, आता हे बंद करता येणार नाही. आता हे कायम ऐकू येणार. आणि त्याच्या खाली, जे ऐकू येत नाही ते. तिने लॅपटॉप उघडला, रुळांवरची पूर्वेची रेघ उचलली आणि खाडीच्या पलीकडे नेऊन ठेवली. अर्जाचं पहिलं पान पुसलं आणि कोऱ्या जागेत लिहायला सुरुवात केली की सुरतच्या पूर्व भागात या प्रस्तावाच्या लेखिकेने घेतलेली पहिली नोंद चुकीची होती, आणि ती का चुकली ते पुढे दिलं आहे.

आई मागे येऊन उभी होती. दिवाळीचं तिने ऐकलं होतं.

"गावले येवाव नही तू?"

"नाही, आई. इथे काम आहे."

भागीरथीने त्याचा विचार केला. यंत्रावरच्या सुकलेल्या कुंकवाकडे पाहिलं. "मंग मी बी ऱ्हास," ती म्हणाली. "तुना बाप जाई. तुले खावाले कोन घाली?" मग पडद्यावरच्या चौकोनाकडे बोट दाखवून, पहिल्या वेळेपेक्षा जरा जपून तिने विचारलं, "आते बी येस का आमनं घर?"

गायत्रीने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की चौकोन पडद्याच्या बाहेर गेला आणि नुसते ओळीने लावलेले बारीक ठिपके उरले. "येस," ती म्हणाली. "हा ठिपका आपला. हे दोन खात्याचे. हा समोरच्या चादरीवाल्यांचा."

भागीरथी वाकली, ठिपक्याला बोट लावलं, टिकलीला लावते तसं हलकेच दाबून.

"मंग मोरी गळस ते बी दखाड त्यामां," ती म्हणाली आणि साडीकडे परत गेली.